दाट तिथीला अक्काची गंधमुक्ती

अक्काला मरणाची भीती नव्हती. आपल्या गंधमुक्तीला कोणी येणार नाही, याची होती.

अक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून ती माहेरी परत आली आणि अमळनेरच्या आमच्या घरात शेवटपर्यंत राहिली. माणूस गेल्यावर त्याच्या घरी भेटायला जाण्याला आमच्याकडे दारावर जाणं म्हणतात. अक्काने आयुष्यभर ते काम केलं. कुठल्याही गावाहून वाईट बातमी आली की ती पिशवीत एक पातळ टाकायची आणि एसटी स्टँड गाठायची. मी लहान असताना अनेकदा तिच्यासोबत गेलो आहे. गाडीत ती शेजारच्या बाईशी कैऱ्यांच्या भावावरून वाद घालायची, आणि गल्लीच्या तोंडाशी आल्यावर पदर पुढे ओढला की तिचा रडण्याचा सूर लागायचा. मला ते नाटक वाटायचं. पण रडून झाल्यावर बाकीच्या बाया चहा पिऊन परतत, आणि ही शेजारच्या घरात शिरून भाकरी थापत असे. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. घरच्यांच्या पोटात काही गेलं का, हे ती पाहायची.

गंधमुक्ती म्हणजे सुतक फिटण्याचा दिवस. सकाळी विधी, मग मांडवात पंगती. गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, पुरी, वरण-भात, बुंदी. त्या जेवणाला बोलावणं नसतं. दिवस कळवायचा, येणारा आपणहून येतो. किती लोक आले यावरून गेलेल्या माणसाची किंमत ठरते, असं कोणी म्हणत नाही. मोजतात मात्र सगळे.

"लोक पोरेसकडे देखीसन येतस," अक्का म्हणायची. "माले पोऱ्या ना पोर. मन्हा दारवर कोन यी रे भाऊ?"

"बठ्ठा येतीन, अक्का."

"तू हिशोबी माणूस. तुले खोटं बोलता येत नही."

खरंच येत नव्हतं. सगळे येतील, हे मी नुसतं तोंडदेखलं म्हटलं होतं. तिच्यासारख्या निपुत्रिक बाईच्या गंधमुक्तीला दोन पंगती कशाबशा उठलेल्या मी पाहिल्या होत्या.

ती वैशाखात गेली. सकाळचा चहा घेतला, भिंतीला टेकून बसली आणि तशीच राहिली. सासरचं कोणी उरलं नव्हतं, म्हणून अग्निडाग मीच दिला. भटजी म्हणाले की अकराव्यापासून तेराव्यापर्यंत कुठलाही दिवस धरा. त्यात एक रविवार येत होता. मी नोकरीसाठी रोज अमळनेर-जळगाव अपडाउन करणारा माणूस. रविवार म्हणजे सुट्टी, सुट्टी म्हणजे जास्त लोक, इतकं साधं गणित केलं आणि मोबाइलवरून सगळ्या नातेवाइकांना रविवार कळवून टाकला.

तासाभरात धुळ्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला.

"दादा, तारीख कोणी काढली?"

"मीच. का गं?"

"पंचांग पाहिलं होतं का? त्या दिवशी खान्देशात मांडव टाकायला जागा उरलेली नाही. लग्नांची इतकी दाट तीथ या मोसमात दुसरी नाही. एकट्या माझ्याकडे तीन पत्रिका आल्यात."

मी स्वयंपाकघरात गेलो. तिथल्या खिळ्याला आमच्याही पत्रिका अडकवलेल्या होत्या. बायकोने त्या काढून माझ्या हातात दिल्या. पाचपैकी चार त्याच रविवारच्या होत्या. सुट्टी मला एकट्यालाच सुचली नव्हती.

आमच्याकडचा नियम असा, की दुःखाच्या घरून निघालेला माणूस आंघोळ केल्याशिवाय शुभकार्यात पाऊल ठेवत नाही. आणि ज्याच्या घरात हळद लागली आहे, तो तर दुःखाच्या घराकडे फिरकतही नाही. दिवसभरात तीन-चार मांडव गाठणारी माणसं अक्काच्या दारी येणार कधी आणि आंघोळ करणार कुठे?

मी चुलतभावाकडे गेलो. तो माझ्याहून बराच मोठा, सगळे त्याला आबा म्हणतात. भाऊबंदांतली मरणंधरणं तोच पाहतो.

"आबा, मंगळवार कळवू का?"

त्याने माझ्या मुंडण केलेल्या डोक्याकडे पाहिलं. "लग्न पुढे ढकललेलं मी ऐकलं आहे. गंधमुक्ती ढकललेली तू ऐकलीस का? एकदा शब्द बाहेर गेला की गेला. आता कळवशील तर अर्ध्यांना कळेल, अर्ध्यांना नाही. रविवारचे येऊन परत जातील, मंगळवारचे येणारच नाहीत."

त्यापुढचे दिवस मी नीट जेवलो नाही. दारावर येणाऱ्या प्रत्येकाला "रविवारी याल ना?" असं विचारावंसं वाटे, पण तसं विचारायचं नसतं. लोक अक्काबद्दल बोलत आणि मी त्यांच्या तोंडाकडे पाहून अंदाज बांधत बसे: हा येईल, हा नाही, हिच्या भाच्याचं लग्न आहे. दुःख करायला मला सवड मिळाली नाही, असंच म्हणावं लागेल.

त्यात आचारी येऊन बसला. "किती पानं धरू?"

"चारशे," आबा म्हणाला. "तिची पायपीट तुला माहीत नाही."

"शंभर करा," बहीण म्हणाली. ती तोवर धुळ्याहून राहायला आली होती. "तेही उरतील. आणि हे अन्न कोणी घरी नेत नाही, लक्षात ठेवा. वैशाखातलं उरलेलं वरण घेऊन कुठे जाणार आहात?"

दोघे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, "अडीचशे."

"हा कुठून आणलास आकडा?" आबाने विचारलं.

"तुमच्या दोघांची सरासरी काढली."

आबा म्हणाला, "म्हणजे दोघांचंही चुकलं, तर तुझं दुप्पट चुकेल." बहीण त्या सगळ्या दिवसांत तेवढ्या एकाच वेळी हसली.

रविवारी सकाळी नदीवरचा विधी आटोपला. सासऱ्यांनी माझ्या डोक्याला पगडी बांधली आणि मी मांडवाच्या तोंडाशी हात जोडून उभा राहिलो. अकरा वाजता आमच्या गल्लीतले लोक जेवून गेले. माझ्या ऑफिसातले चौघं आले, जेवले, घड्याळं पाहत निघाले. त्यांनाही लग्नं होती. नंतर कोणी आलं नाही. मागच्या रस्त्यावरून एक वरात गेली. बँड आमच्या मांडवापाशी आल्यावर कोणीतरी सांगितलं असावं, वाजवणं थांबलं, आणि कोपरा ओलांडल्यावर पुन्हा सुरू झालं. मला त्या शांततेचीच जास्त लाज वाटली.

एक वाजला. पत्रावळी वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांच्यावर विटा ठेवल्या होत्या. मांडवाखाली इतकं तापलं होतं की खुर्चीला हात लावता येत नव्हता. बहीण पाण्याच्या जारजवळ बसून पदराने वारा घेत होती.

"सुट्टीचा दिवस आहे ना," ती म्हणाली. "लोक झोपले असतील."

बायको तिला म्हणाली, "ताई, आज नको."

दोनच्या सुमाराला आचाऱ्याने मला खुणेने बोलावलं. वरणाच्या पातेल्यावर बारीक फेस धरला होता. त्याने पळीवर घेऊन हुंगलं आणि पळी माझ्यापुढे केली. वास आंबट होता.

"हे काही वाढता येणार नाही, भाऊ. भाजी तेलात परतलेली आहे, ती टिकेल. पुऱ्यांची कणीक ठेवू का मोडू?"

गावाबाहेरच्या एका वसतिगृहाचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता. तिथे शंभरेक मुलं राहतात. त्यांना बोलावलं तर मांडव भरेल, अन्न सत्कारणी लागेल, आणि कोणी विचारलं तर अक्काच्या नावाने अन्नदान केलं म्हणता येईल. मी फोन कानाला लावला. आबाने तो माझ्या हातातून काढून घेतला.

"कोणाला लावतोस?"

मी सांगितलं.

"मुलांना उद्या घाल जेवायला, मीही येतो वाढायला. आज नको. ती आपल्या पायांनी लोकांच्या दारी गेली, कोणी न बोलावता. तू तिच्या दारी माणसं बोलावून आणतोस?"

"आणि कोणीच नाही आलं तर?"

"तर नाही आलं," आबा म्हणाला. पण त्याचाही चेहरा उतरला होता. त्याने मोबाइल मला परत दिला नाही, स्वतःच्या खिशात ठेवला.

मी आत गेलो आणि अक्काच्या फोटोसमोर बसलो. तिला मी आयुष्यात एकदाच खोटं सांगितलं होतं आणि ते तिने ऐकून घेतलं होतं. आता त्याचं काय करायचं ते मला कळेना. बाहेर आचारी शेगडी विझवत असल्याचा आवाज आला.

चार वाजून गेले असतील. गल्लीच्या तोंडाशी एक क्रूझर जीप थांबली. दार आपटल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ रडण्याचा सूर उठला. तो सूर मी ओळखतो. त्याला शिकवणी नसते, पण आमच्याकडच्या बायांच्या तोंडी तो एकसारखा असतो. मी धावत बाहेर आलो. दहा-बारा बाया पदर पुढे ओढून येत होत्या, आणि पदर होते जरीचे. कोणाच्या केसांत गजरा, कोणाच्या खांद्यावर अक्षतांचे रंगीत तांदूळ. मागून त्यांचे पुरुष लग्नातले फेटे हातात घेऊन येत होते.

दुःखाच्या घरून लग्नाला जाता येत नाही. लग्नाहून दुःखाच्या घरी येता येतं. शेवटचा मांडव आटोपायचा, दारावर यायचं आणि सरळ घरी जाऊन आंघोळ करायची. इतकी साधी गोष्ट दिवसभरात मला सुचली नव्हती, आबालाही नाही. पहिल्या क्रूझरच्या मागे दुसरी आली. मग दोन रिक्षा. मग पारोळ्याकडून एक ट्रॅक्टर, त्याच्या ट्रॉलीत खाली सतरंजी आणि वर पंचवीस माणसं. सूर एकाचा संपायच्या आत दुसऱ्याचा लागत होता. माझी बहीण सकाळपासून कोरडी होती, ती त्या बायांच्या गळ्यात पडून मोठ्याने रडली.

"जेवाले बसा," आबा सगळ्यांना म्हणत होता.

"पोट भरेल शे, आबा," एक म्हातारी म्हणाली. "दोन मांडव खायेल शेतस. तरी अक्काना घास खासू. मन्ही माय मरनी तवय ती बठ्ठास्ना आगोदर उनी व्हती." मग ती माझ्याकडे वळली. "तीथ देखी नही का रे, शिकेल माणूस? तुन्हा येळले तरी पंचांग देखीसन मर."

पंगतीत हशा उठला. रडून लाल झालेल्या डोळ्यांनी बाया हसत होत्या. मी आचाऱ्याकडे गेलो. त्याने शेगडी पुन्हा पेटवली होती आणि नवीन डाळ धुवायला घेतली होती.

"किती पानांचं टाकू?"

"मावेल तेवढं टाक," मी म्हणालो.

वरण होईपर्यंत कोणी उठलं नाही. भरल्या पोटाची माणसं पत्रावळीवर एक पुरी आणि भाजीचा डाग घेऊन अक्काच्या गोष्टी सांगत बसली. मला त्यांतल्या निम्म्या माहीत नव्हत्या. अंधार पडायच्या आधी सगळ्यांना घर गाठायचं होतं, आणि वरण शिजत नव्हतं. मी पातेल्यापासून पंगतीपर्यंत येरझाऱ्या घालत होतो.

तेव्हा रस्त्याच्या पलीकडे एक बाई उभी असलेली दिसली. वयस्क, नवीन पातळ, तळहात आणि नखं हळदीने पिवळी. तिच्यामागे रिक्षा चालूच होती. मला वाटलं, वाट चुकली. मी पाण्याचा तांब्या घेऊन निघालो, तर आबाने माझा दंड धरला.

"जाऊ नको. तिच्या घरी हळद लागली आहे. उद्या नातवाचं लग्न आहे." मग हलक्या आवाजात म्हणाला, "या नातवाचा बाप विहिरीत बुडून गेला, तेव्हा ती अन्नाला शिवत नव्हती. अक्का तिच्या घरी राहायला गेली, आणि ती जेवायला लागल्यावरच परतली. घरी कोणाला न सांगता आली असेल."

मी तरी चार पावलं पुढे गेलोच. तिने हात वर करून मला थांबवलं. मी थांबलो. मधून एक मोटरसायकल गेली. तिने पदराचा बोळा तोंडात धरला होता. हळदीच्या घरातल्या बाईने मोठ्याने रडायचं नसतं. मांडवाकडे तोंड करून तिने हात जोडले आणि बराच वेळ ती तशीच उभी राहिली, खांदे हलत होते. मग डोळे पुसून, पदर नीट करून ती रिक्षात बसली.

मी नियम मानणारा माणूस आहे की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्या रात्री मला झोप आली नाही. आमच्या दारावर आल्यामुळे तिच्या घरच्या कार्यात काही विघ्न आलं तर? दुसऱ्या दिवशी दुपारी मी जळगावहून आबाला फोन केला, संध्याकाळी गाडीतून पुन्हा केला.

"लागलं रे लग्न," आबा वैतागून म्हणाला. "नीट लागलं. नवरी घरी आली. आता तू जेव."