परीक्षेच्या वर्गातली खटखट

संध्याकाळी माझ्याकडे शिकवणीला मुलं येतात. दाराबाहेर चपलांचा हा ढीग होतो आणि जाताना प्रत्येकाला स्वतःचीच चप्पल मिळेल असं नाही! किश्शांचंही तसंच झालंय. कुठला कधीचा, आता सांगता येत नाही. पण ही मुलं आली नसती, तर मी भिवंडीतली एक दहावी पास बाई, एवढीच राहिले असते. मला ‘टीचर’ केलं ते त्यांनी. म्हणून हाताला लागतील ते सांगते.

*

राहनाळचा ओंकार. चाचणी म्हटली की त्याच्या पोटात दुखायचंच. आजी मीठ-मिरच्या ओवाळून त्याची नजर काढायची आणि मग माझ्याकडे आणून सोडायची.

मी म्हटलं, “आजी, रोज थोडी गणितं सोडवून घेते. भीती जाईल.”

“घ्या की! गनित तुमी बघा, नजर मी बघते.”

ओंकार पास झाला. आजी पेढे घेऊन आली. “बाय, अर्धं यश तुमचं हाय!”

उरलेलं अर्धं कुणाचं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही!

*

मग रिंकी. पाचवीतली. आईवडील उत्तर प्रदेशातले, वडील कापडाच्या लूमवर कामाला. घरात हिंदी, शाळा मराठी. तोंडी विचारलं की घडाघडा सांगणार, शाळेच्या पेपरात मात्र पानं कोरी!

वडिलांनी बजावलं होतं, “इस बार फेल हुई तो गाँव, दादी के पास.” रिंकीला शाळा सोडायची नव्हती. तिची आई सरोजभाभी माझ्यासमोरच तिच्यावर ओरडायची, “सब आता है, तो लिखती क्यों नहीं?”

*

एका रविवारी मी मुलांच्या घरच्या मोठ्यांचीच परीक्षा घेतली! मुलं सुपरवायझर. ओंकार हात मागे बांधून फिरत होता. “आजी, बाजूला बघायचं न्हाय!”

सरोजभाभी नुसती कागदाकडे बघत बसली. “हे राम, टीचर, मेरे तो हाथ ठंडे पड़ गए!”

रिंकीने तिच्या पाठीवर हात ठेवला. “मम्मी, पहले लंबी साँस लो. जो आता है, वो पहले लिखो.”

त्यानंतर भाभी तिच्यावर ओरडल्याचं मी ऐकलं नाही. पण शाळेच्या पुढच्या चाचणीतही रिंकीची पानं कोरीच.

*

एकदा मुलं लिहीत असताना लाईट गेली. खिडकीतून उजेड होता, म्हणून कुणी थांबलं नाही. थांबली फक्त रिंकीची पेन्सिल.

“काय गं?”

“टीचर, आवाज़ बंद हो गया. अब कुछ याद नहीं आ रहा.”

आमच्या भिंतीपलीकडे लूमचा कारखाना. दिवसभर खटखट. सवयीने आम्हाला ती ऐकूही येत नाही! लाईट गेली, की लूम बंद. रिंकीचं घर त्याच कारखान्याच्या मागे. ती झोपते, खाते, पाठ करते ते त्याच ठेक्यावर. शाळा मात्र रस्त्यापासून आत, एकदम शांत. आणि आम्ही सगळे तिला सांगतोय, “शांत बसून लिही!”

मग तिला मांडीवर बोटांनी हळूच ठेका धरायला शिकवलं. कुणाला ऐकू जाणार नाही असा. बघताबघता सगळीच मुलं धरायला लागली. आमचे हे काल्हेरच्या गोडाऊनमधली ड्युटी संपवून आले आणि दारातच थबकले. “शिकवणी आहे की भजनी मंडळ?”

*

वार्षिक परीक्षेत रिंकी पास झाली. सुट्टीत गावाला गेली, ती परतीचं तिकीट काढूनच! मी देवाचे आभार मानले, आजीच्या मिरच्यांचेही मानले. पण त्या पेपराचा किस्सा रिंकीने आल्यावर सांगितला, तो असा.

वर्गात नव्या, कडक मॅडम. घाबरून रिंकीची बोटं मांडीवरून बाकावर गेली. खटखट, खटखट. मॅडम थेट तिच्यासमोर.

“कशाला वाजवतेस?”

रिंकी उभी राहिली. “मॅडम, माझं घर लूमच्या मागे आहे. आवाज नसला की मला आठवत नाही.”

मॅडम म्हणाल्या, “बस खाली. लिही.”

त्या खुर्चीत जाऊन बसल्या. थोड्या वेळाने त्यांच्या टेबलावर पेन्सिल वाजू लागली.

खटखट, खटखट, खटखट...