अबोली पातळाची घडी

फुग्याच्या बाह्या परत आल्यात, असं परवा नातीनं मला मोबाइलवर दाखवलं. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'यंदाची नवी फॅशन'. मी म्हटलं, नवी कसली डोंबलाची! या बाह्या मी तुझ्या वयाची असताना पाहिल्यात, गुळाच्या पुडीवर. नातीला वाटलं, आजी गंमत करते. मी गंमत करत नव्हते.

मला कपड्यांचं वेड होतं आणि ते पुरवायला किराण्याच्या पुड्यांशिवाय दुसरं काही नव्हतं. माहेर केनवडचं, सासर इंझोरीचं, दोन्हीकडे शेतीच. चौथीपर्यंत शिकले होते, तेवढं वाचन जाहिरातींना पुरलं. दुकानदार नागपूर-मुंबईच्या जुन्या वर्तमानपत्रांत गूळ, डाळ बांधून द्यायचा. बाकीच्या बायका पुडी सोडली की कागद चुलीत घालायच्या. मी तो मांडीवर सरळ करून वाचायची. शहरात काय नेसतात ते मला असं वर्षभर उशिरा कळायचं, तेही डाळीच्या भुकटीसकट.

कापडगिरणीच्या जाहिरातीतली बाई कायम कमरेवर हात ठेवून उभी असायची. तिच्या अंगणात शेण नाही, चुलीला धूर नाही, कडेवर पोर नाही. शेजारी मजकूर, 'रंग पक्का, पोत मुलायम, सुगृहिणींची एकमेव पसंती'. सुगृहिणीला तिची पसंती विचारतो कोण, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी वाचायची. खोटं असलं तरी माझ्यापर्यंत आलेलं सुंदर असं तेवढंच होतं.

कधी बाजाराच्या दिवशी गिरणीची मोटार यायची. भोंग्यातला माणूस ओरडून सांगायचा की शहरातल्या बायकांनी नऊवार टाकलं, आता गोल पातळ नेसा. सासूबाई ऐकून म्हणायच्या, "मंग त्याईले म्हना, या गोल पातळात वावर निंदाले." त्यांचं चूक नव्हतं. चूक नव्हतं याचाच मला जास्त राग यायचा.

आमच्या घरात सुनेनं नऊवार लुगडंच नेसायचं, डोक्यावर पदर घेऊन. लेकीला मात्र पाचवार गोल पातळ चालायचं. नणंद माझ्याहून वर्षभरानं लहान. ती मंगरूळच्या शाळेत सातवी झालेली, लग्नाला आलेली. दोघी एकाच आरशात पाहायचो, पण तो आरसा तिच्याच कामाचा होता.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. त्या दिवाळीत भाऊबीजेला माझा भाऊ आला. त्याच्याजवळ मी आधीच एक जाहिरातीचा कागद देऊन ठेवला होता. वायलचं पातळ, अबोली रंग, त्यावर बारीक काळी बुट्टी. कागदावर रंग छापलेला नव्हता, नुसता लिहिलेला होता. तो मी मनानंच भरला होता. भाऊ कापूस विकायला अकोल्याला गेला तेव्हा चार दुकानं फिरून नेमकं तेच पातळ घेऊन आला. मनात भरलेलाच रंग. मी त्याला म्हटलं, "इथं नेसू नाही देत रे मले." तो म्हणाला, "संक्रांतीले घरी येशीन तवा नेसजो. मायले दाखव." झालं तर मग. संक्रांतीपर्यंत थांबायला माझी काहीच हरकत नव्हती.

पण भाऊ गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, त्या पातळाची घडी मोडाले पोरीले दे."

नवं लुगडं आधी घरातल्या मायेच्या बाईला एकदा नेसायला द्यायचं, तिनं घडी मोडून परत केलं की मग आपण नेसायचं. ही प्रेमाची रीत आहे. तिला नाही म्हणायची सोय नसते, म्हणूनच तिला प्रेमाची म्हणत असावेत. मी पातळावर कुंकू लावून नणंदेच्या हातात दिलं. तोंडावर हसू होतं. आत काय होतं ते कुणी विचारलं नाही.

ती ते नेसून सासऱ्यांबरोबर मंगरूळच्या बाजाराला गेली. तिथल्या एका कापडदुकानदाराला नव्या सालाचं कॅलेंडर काढायचं होतं. त्यानं फोटोवाला बोलावून ठेवला होता आणि चांगल्या पातळातली कुणी मुलगी दिसते का ते पाहत होता. आमची दिसली. सासऱ्यांना विचारून त्यानं तिला दुकानाच्या पायरीवर उभं केलं, हात कमरेवर ठेवायला लावला आणि फोटो काढला. पातळ अकोल्याच्या दुकानातलं, जाहिरात मंगरूळच्या दुकानाची. आज कुणी ब्रँडचं कौतुक सांगू लागलं की मला ती पायरी आठवते.

फोटो काढताना दुकानात एक पाहुणे बसले होते. त्यांचा मुलगा लग्नाचा होता. आठवड्याभरात ती मंडळी मुलगी पाहायला आमच्याकडे आली आणि निरोप असा, की मुलगी त्याच पातळात बसवा. पातळ अजून माझ्याकडे परत आलेलंच नव्हतं. मी पोहे केले, चहा केला, दाराआडून माझं पातळ पाटावर बसलेलं पाहिलं. सोयरीक जमली.

"या पातळाच्या पायगुनानं पोरीचं भलं झालं," सासूबाई म्हणाल्या. "आता ते तिच्या संगंच जाईन."

मी म्हटलं, "माह्या भावानं मले देल्लं होतं."

"मंग? तुह्या भावाचं अन् तुह्या ननदेचं काही येगळं हाय काय?"

रात्री नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "दुसरं घेऊ." आणि कूस बदलून झोपला. ते दुसरं अजून यायचं आहे, तो मात्र गेला.

संक्रांतीला माहेरी गेले ती हिरव्या लुगड्यात. भावानं दारातच विचारलं, "काहून, पातळ नाही आनलं?" मी म्हटलं, "मोठ्या लग्नासाठी ठून देलं." तो खूश झाला. त्याला वाटलं, सासरी बहिणीच्या वस्तूची केवढी कदर आहे.

माहेराहून परतले तोवर कॅलेंडर आलं होतं. सासऱ्यांनी ते ओसरीत, येणाऱ्याच्या नजरेत भरेल असं टांगलं. नणंद गोड दिसत होती, खोटं कशाला बोलू? पण फोटो हातानं रंगवलेला, आणि रंगवणाऱ्यानं पातळ हिरवं केलं होतं. अबोली नाही, हिरवं! दुकानात हिरवा माल पडून असेल. खाली लिहिलं होतं, 'आमचे पातळ म्हणजे रंगाची खात्री'. आल्यागेल्याला सासरे ते दाखवायचे. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी असायची. हे पातळ अबोली होतं, एवढंच सांगावंसं वाटायचं. साल संपलं, तारखा फाडून झाल्या, चित्र तिथेच राहिलं.

दुसऱ्या वर्षी नणंद पहिल्या बाळंतपणाला आली. तिच्या ट्रंकेत ते पातळ होतं. पक्का रंग पार उडाला होता, भाताच्या पेजेसारखं झालं होतं. बुट्टी हातात धरून शोधावी लागत होती. सासूबाईंनी ते माझ्या अंगावर टाकलं. "जुनं कापड मऊ राह्यते. दुपटी, लंगोट फाडून ठेव."

त्या वावरात गेल्या. नणंद आत झोपली होती. मी दार ओढलं, लुगडं सोडलं आणि पातळ नेसायला घेतलं.

मला नेसताच येईना. इतक्या वर्षांत मी सगळे कागद वाचले होते. बाही कितीची, पदर कुठवर, किनार कशी, मला सगळं तोंडपाठ होतं. पण गोल पातळ कसं नेसायचं ते कुठल्याच जाहिरातीत लिहिलेलं नव्हतं, आणि घरात मला ते शिकवतो कोण? हात सवयीनं मागे काष्ट्याकडे जायचे आणि कापड पुरायचं नाही. निऱ्या खोचल्या की घसरायच्या. आरशात एक बाई कापडाशी झगडत होती. मला रडू आलं.

"वैनी."

नणंद दारात उभी होती, पोटावर हात ठेवून. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. मायेनं म्हणाली, "थांब, मी नेसवून देतो. डाव्या हातानं निऱ्या धर."

मी पातळ ओढून काढलं. "नोको बाई. घडी तुमी मोडली, फाडाचं काम तरी मले करू द्या."

मी पदराचं टोक दातात धरलं आणि उभं फाडलं. टोकावर गिरणीचा शिक्का होता, 'रंग पक्का'. त्या अख्ख्या पातळात तेवढाच काय तो रंग शाबूत होता. तो तुकडा मी तिच्या होणाऱ्या बाळाच्या लंगोटांत घातला.