सुकी पुरी

पाणीपुरीच्या गाडीवर माझी भाची सई नाक पुसत गाडीवाल्याला म्हणत होती, "काका, अजून तिखट!"

वर्षभरापूर्वी हीच मुलगी जेवणाला घाबरायची, चतकोर पोळीही ताटाखाली लपवायची. आणि आम्ही लग्नकार्यात तिचं कौतुक करत होतो, "किती छान बारीक झालीस गं!" तो आजार आहे, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. आम्हाला मेलं दुसऱ्याच्या अंगावर बोलल्याशिवाय विचारपूसच करता येत नाही.

"काका, सुकी पुरी राहिली!" सईने हक्काने हात पुढे केला. 'शाब्बास, खाल्लंस हो!' अगदी माझ्या ओठांवर आलं. पण तिचे घास मोजायचे नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलंय.

"मावशी, आज गप्प का गं?"

तोंडात पुरी आहे, असं मी गाल फुगवून खुणेनेच सांगितलं.

तोंड रिकामं होतं.