एक नंबरची नळी

मेडिकलला जायला निघाले तेव्हा मला सोडायला आई डोंगरावरच्या वाडीतून पोलादपूरच्या स्टँडपर्यंत चालत आली होती. बाबा म्हशींमागे, म्हणून ती एकटीच. एसटी हलली तशी खिडकीचा गज धरून ती दोन पावलं चालली आणि म्हणाली, "दवाखाना टाक नायतर नको टाकू. पण आपल्या सुमीला काय झाला होता ता शोधून काढ गो."

सुमी माझी थोरली बहीण. भातलावणी झाल्यावर तिला ताप भरला, डोळे पिवळे झाले आणि झोळीतून खाली महाडला नेईपर्यंत ती गेली. कागदावर कारण लिहिलं होतं, 'ताप'. तेवढं आईलाही माहीत होतं.

बारावीचे सर म्हणाले होते, संशोधनच करायचं असेल तर बी.एस्सी. कर, सरळ लॅबमध्ये जाशील. डॉक्टर झालीस तर लोक तुला सोडायचे नाहीत. मला वाटलं, आधी माणसं तपासू, मग त्यांचा आजार शोधू. दोन्ही जमेल असं वाटायचं ते वय होतं. माझ्याबरोबरच्यांनी एमआयडीसीच्या रस्त्यावर दवाखाने थाटले. मी एम.डी. करून घाटावर, पुण्यात, एका लॅबमध्ये शिरले. वाडीला फक्त 'डॉक्टर' एवढंच ऐकू आलं होतं. "आपली डॉक्टरीण सुई का टोचत नाय?" असं तुम्ही वाडीतली माणसं बाबांना विचारायचात, आणि ते बिचारे हसून वेळ मारून न्यायचे.

मग लावणीनंतरच्या त्या तापावरचा प्रोजेक्ट मिळाला आणि मी बर्फाचा डबा घेऊन वाडीवर आले. रक्त द्यायचं म्हटल्यावर तुम्ही सगळे मागे सरलात. धडधाकट माणसाचं रक्त कशाला? शेवटी गावकी देवळात बसली, देवीला कौल लावला. तिच्या उजव्या खांद्यावरचं फूल पडलं आणि तुम्ही बाह्या वर केल्या. तरी पुढे कोणी होईना. तेव्हा आई येऊन बसली. "आधी माझा घे." एक नंबरची नळी तिची. दुपारपर्यंत सत्तावीस झाल्या. पाळण्यातली पोरं सोडून अख्खी वाडी मी डब्यात भरून नेली.

ती कमी पडली. एवढ्या सॅम्पलवर काही सिद्ध होत नाही, आणखी गावं घ्या, असं वरून आलं. आणखी गावं घेण्याआधी ग्रँट संपली. नळ्या फ्रीजरमध्ये राहिल्या आणि मला दुसऱ्यांच्या प्रोजेक्टवर लावलं. हे तुम्हाला सांगायला मी आले नाही. कोणत्या तोंडाने येणार होते? देवीने होय म्हटलं होतं आणि तुम्ही तिच्या भरवशावर दंड पुढे केले होते.

आई दर फोनला विचारायची, "कळला का गो?" मी म्हणायची, "चालू आहे." तीन वर्षं मी तिला हेच सांगितलं. गेल्या उन्हाळ्यात गुरांना पाणी दाखवून आली, पडवीत टेकली, ती उठलीच नाही. तिच्या दिवसकार्यालाही तुमच्यातल्या कोणी मला नळ्यांबद्दल विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मागच्या आठवड्यात फ्रीजर रिकामा करायची यादी आली. नावं नव्हती, नुसते नंबर. सॅम्पल ठेवायचं असेल तर नवा प्रोजेक्ट दाखवा. माझ्याकडे तो नव्हता. एक नंबरवर बोट ठेवून मी सत्तावीसपर्यंत यादी वाचली. मग खाली सही केली.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. जेवण, पाणी, म्हैस व्यायली, असं सगळं बोलून झालं. मी ठेवणार तेवढ्यात ते म्हणाले, "तुझी आयस इचारायची ना... कळला का गो काय?"

माझं घर आता एवढ्या एका प्रश्नात उरलंय. मी म्हणाले, "चालू आहे, बाबा."