पेवात वाजलेला बझर

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. खिडकी आपटली की हॉस्टेलच्या पोरी किंचाळायच्या, मी उठून कडी लावायचे. तेव्हा 'वायर शॉर्ट झाली असेल' असं खाली लिहिण्याआधी पूर्ण वाचा... ते सगळं मी तपासलंय.

मी सांगलीत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. माझे मामा जवळच्या हरिपुरात पेवांवर काम करतात. पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीतलं खोल, रांजणासारखं कोठार. महापुरानंतर थोडीच उरलीत. बंद पेवातली हवा माणसाचा जीव घेते. म्हणून तोंड उघडून काही तास थांबायचं, मग दोरीने कंदील सोडायचा. तो विझला तर उतरायचं नाही.

मला हे लय जुनाट वाटायचं. अभ्यास सांभाळून — म्हणजे खरं तर गुंडाळून — मी एक रोबो बनवला. स्टीलच्या डब्याला चार चाकं, आत गॅस सेन्सर आणि बझर. खाली सोडला की हळदीवर फिरायचा आणि हवा खराब असली की बोंबलायचा. कंदिलाशी कितीदा ताडून पाहिला, एकदाही चुकला नाही. मग मीच ऐटीत मामांना म्हटलं, "डबा गप्प असला की बिनधास्त उतरा. कंदील ठेवा माळ्यावर."

पुढे कॉलेजच्या प्रॅक्टिकलला नेमका तसाच सेन्सर लागला, आणि दुकानात संपलेला. आदल्या दिवशी मी डब्यातून सेन्सर आणि बझर दोन्ही काढून नेले. पेव दोन दिवसांनी उघडणार होतं, तोवर परत बसवू... म्हणून कुणाला बोलले नाही.

सकाळी अकराला परीक्षक समोर. मी लायटरचा गॅस सोडला. स्क्रीनवर आकडे भराभर चढले, पण बझर गप्प. तारा हलवल्या, बोर्ड बदलला, काही नाही. रूमवर तासाभरापूर्वी तोच खणखणीत वाजला होता.

बाहेर येते तर मामांचा फोन. व्यापाऱ्याला माल लगेच हवा होता, म्हणून पेव आजच उघडलेलं.

"पोरी, तुझा डबा काय बोंबलला गं. मी कडंला बसून पाय आत सोडला हुता. मग कंदील सोडून बघितला, तर आर्ध्यातच इझला."

"कधी?"

"आकरा वाजून गेलं आसतील."

बझर माझ्या हातात होता.

तडक हरिपूर गाठलं. मामांसमोर झाकण उघडलं — आत बॅटरी, मोटरी आणि टेप लावलेली तारांची टोकं. मोटर घासली असेल म्हणाल, तर बझरचा आवाज मामांना पाठ होता, आणि दोरी धरणाऱ्या दोघांनीही तोच ऐकला. नंतर तसाच रिकामा डबा मी वीसेक वेळा सोडून पाहिला. हूं नाही की चूं नाही. बझर मात्र संध्याकाळी पुन्हा ठणठणीत.

मामांनी तारांची टोकं बोटानं चाचपली. मग म्हणाले, "म्हंजे तू मला मारायलाच निघाली हुतीस की."

मी ढसाढसा रडले. खरंच होतं ते.

"मग वाजलं काय त्ये?"

"ठाऊक नाही, मामा."

आजही ठाऊक नाही. प्रॅक्टिकलला काठावर पास झाले. डब्यात आता दोन सेन्सर आहेत, आणि कंदील आधी सोडायचा हा माझाच दंडक. तरी उतरण्याआधी मामा मला फोन करतात. "समदं जागेवर हाय न्हवं गं?" विचारतात, आणि मी हो म्हटल्यावरच पाय आत टाकतात.