मैनाआत्या गायब व्हायची तेव्हा

लाल रेशमी शाल खुर्चीवरून घसरून खाली पडते आणि खुर्ची रिकामी असते... माझ्या आत्याची आठवण म्हणून मला हेच आठवतं. वेताची ती खुर्ची, पाठीवरचा सोनेरी मुलामा उडालेला, आणि तिच्या चार पायांखाली अंथरलेलं इंग्रजी वर्तमानपत्र. आत्याचा चेहरा पुसट होत गेला, खुर्ची मात्र लख्ख आहे. एखाद्या माणसाचं नसणंच तेवढं लक्षात राहावं, याचा आता या वयात थकवा येतो.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. आमचा मळा अमरावतीच्या वेशीबाहेर; वांगी, कोथिंबीर, मिरची आणि विहिरीच्या अंगाला मोगऱ्याचे ताटवे. चैत्र सरत आला की कापसाचा हंगाम आटोपायचा, कापसातून सरकी काढणाऱ्या जिनांचे, म्हणजे कारखान्यांचे, भोंगे मुके व्हायचे, आणि टिनाच्या त्या अजस्र शेडमध्ये सरकीचा, यंत्राच्या तेलाचा आणि तापल्या पत्र्याचा वास तेवढा कोंडून राहायचा. कडी-वाशांना रुईचे, सरकी काढलेल्या कापसाचे, पुंजके लटकलेले असत. त्या रिकाम्या जिनांत मग उन्हाळाभर करमणुकीचे खेळ यायचे — आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, सुमारास हमखास यायचे ते प्रोफेसर.

प्रोफेसर म्हणजे माझे आतोबा. ते कुठल्या कॉलेजात शिकवत नसत. त्या काळी जादूगार म्हटला की तो प्रोफेसरच. तरुणपणी त्यांनी मुंबईत, विलायतेहून येणाऱ्या जादूगारांच्या कंपन्यांच्या पेट्या वाहिल्या होत्या. पडद्याआडून पाहून पाहून सायबांचे खेळ उचलले, आणि खेळांबरोबर तो काळा शेपटीचा कोट आणि उंच टोपीही उचलली. विलायती जाहिरातींत जादूगाराच्या खांद्यावर दोन तांबडे सैतान बसून त्याच्या कानात काही सांगत असत. प्रोफेसरांची जाहिरात रंगवणाऱ्या अकोल्याच्या पेंटरला ते काही रुचलं नाही. त्याने दोघांच्या कपाळी भस्म फासून त्यांना शंकराचे गण करून टाकलं. प्रोफेसर तो कोट वैशाखातही काढत नसत. काखेत घामाचं मीठ पांढरं उमटलेलं असे, आणि खुर्चीवरून उठताना त्यांचे गुडघे कुरकुरत. आज वाटतं, ते वाईट नव्हते. फार दमलेले होते, आणि दमलेल्या माणसाला दुसऱ्याचं दमणं दिसत नाही.

त्यांच्या खेळातली ‘मिस मैना’ म्हणजे माझी आत्या, वडिलांची धाकटी बहीण. ती खुर्चीवर बसायची, प्रोफेसर तिच्यावर शाल टाकायचे, मंत्रासारखं काही इंग्रजी पुटपुटायचे आणि शाल ओढायचे — खुर्ची रिकामी! मग पिस्तुलाचा बार, आणि आत्या हसत हसत मागच्या दारातून, प्रेक्षकांमधून चालत यायची. रंगमंच असायचा कापसाच्या गठाणींचा. गठाणी रचून वर फळ्या टाकायच्या, मधे एक पोकळी ठेवायची आणि पडणाऱ्या माणसाचा आवाज होऊ नये म्हणून ती सुट्या रुईने भरायची. खुर्चीची बैठक खाली उघडायची, तिच्याखालच्या फळीत झडप असायची आणि ती झाकणाऱ्या वर्तमानपत्राला आधीच चीर दिलेली असे. आत्या त्या रुईत पडायची, गठाणींमधल्या बोळातून रांगत बाहेर निघायची आणि उन्हातून शेडला वळसा घालून दारात येऊन उभी राहायची. वर्षानुवर्षं, गावोगाव. ती रुई तिच्या छातीत भरत गेली.

गंमत अशी, की बायकांना हे सगळं ठाऊक होतं. दुपारचा एक खेळ खास बायकांसाठी असे. सतरंज्यांवर सगळ्या माळणी, कुणबिणी दाटीवाटीने बसायच्या, मांडीवर पोरं, हातात ताडाचे पंखे. आणि समोर एकही पुरुष नसताना प्रोफेसर “लेडीज अँड जंटलमन” म्हणून कमरेत वाकायचे. आत्या दारातून यायची तेव्हा तिच्या अंबाड्यात रुईचा पुंजका अडकलेला असायचा. जन्म कापूस वेचण्यात गेलेल्या त्या बायकांना तो दिसत नसेल होय? पण कुणी चकार शब्द काढला नाही. माहेरवाशिणीची झाकली मूठ कोण उघडणार!

मी सांगते त्या वर्षी आत्या आली तीच वाळलेली. आखाजीची घागर भरली, आमरस झाला, कुरडया तळल्या. तिने पानावर नुसती बोटं फिरवली. खोकल्याची ढास लागली की ती विहिरीकडे जाऊन उभी राहायची. आईने मोगऱ्याच्या कळ्या खुडता खुडता तिला म्हटलं, “बाई, आता राहा न इथंच. औषधपानी करू.”

“मी राह्यली तं खुर्चीवर कोन बसन, वहिनी?”

नांदत्या बहिणीला ठेवून घेतो असं भावाने आपल्या तोंडाने म्हणायची तेव्हा रीत नव्हती. जावयाने “राहू द्या” म्हणायला हवं. अखेर आईनेच दाराआडून विषय काढला. प्रोफेसर हॅटला ब्रश मारत होते. “पावसाळ्यात ठेवू न तिले,” ते म्हणाले, “आता सीझन हाय.” दर वर्षी ते हेच म्हणत, आणि दर पावसाळ्यात कंपनी दूर कुठेतरी अडकलेली असे.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायकांचा खेळ, त्या मुक्कामातला शेवटचा. मी आईच्या मांडीला टेकून बसले होते. पत्रा तापून कडकड वाजत होता. प्रोफेसरांनी हॅटमधून आमच्याच मळ्यातला मोगरा ओंजळी-ओंजळीने काढला आणि त्या तेलकट शेडमध्ये सुगंध असा पसरला, की रडती पोरंही क्षणभर थांबली. मग खुर्ची आली. शाल पडली. पिस्तूल वाजलं. आम्ही सगळ्यांनी माना वळवून दाराकडे पाहिलं...

दारात नुसतं ऊन होतं.

आणि तेवढ्यात रंगमंचाखालून खोकला ऐकू आला. कोरडा, खोल, न थांबणारा. प्रोफेसरांचा हात पिस्तुलासकट तसाच वर राहिला. कुणी हसलं नाही. माझ्या शेजारी आईने पदर तोंडाला लावला आणि ती खोकली. मग पुढच्या रांगेतली एक म्हातारी खोकली. मग दुसरी, तिसरी... पाहता पाहता अख्खी शेड खोकू लागली. लहान पोरींनाही चेव चढला. माहेरच्या लेकीचा खोकला त्या बायकांनी आपल्या खोकल्यात बुडवून टाकला. इतकी माया मी पुन्हा कधी एका छपराखाली पाहिली नाही.

बऱ्याच वेळाने आत्या दारात आली. केस रुईने पांढरे झालेले. बायकांनी टाळ्या पिटल्या. गठाणीच्या त्या रंगमंचावर चढून एकेकीने तिची ओटी भरली — तांदूळ, नारळ, खण. जादू वाचली होती. सगळ्यांचे चेहरे कसे उजळले होते! आई ओटी भरायला वाकली, तेव्हा आत्या तिच्या कानाशी बोलली. मी आईचा पदर धरून तिथेच उभी होते.

“तुमी काहून खोकल्या वं, वहिनी?”

आई म्हणाली, “बाई, तुमची लाज राखाले.”

“मी मुद्दाम खोकलली वं,” आत्या म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. “जादू फुटली असती तं खुर्चीचा खेळ बंद पडला असता. मंग त्यायनं मले इथंच टाकून देल्लं असतं.”

आईच्या हातातले तांदूळ सांडले. ओटी भरली की लेकीची पाठवणी झाली; मग तिला थांब म्हणता येत नाही, आणि मागे बायकांची रांग लागलेली होती.

संध्याकाळी पेट्या बैलगाडीत चढल्या आणि कंपनी अकोल्याकडे निघाली. आत्या गाडीत खुर्चीलाच टेकून बसली होती, ओटी मांडीवर तशीच.

पुढल्या आखाजीला प्रोफेसर आले ते एकटेच, आणि कोट न घालता. ओसरीवर बसून बराच वेळ हॅट दोन्ही हातांनी फिरवत राहिले. आत्या पावसाळ्यातच गेली होती, कुठे तरी बऱ्हाणपुराच्या बाजूला. “खेळ बंद केला मी,” एवढंच ते म्हणाले. वडिलांनी त्यांना पाणी दिलं. आई आतून बाहेर आलीच नाही.

आता तो जिन नाही, मळा नाही, मोगऱ्याच्या जागी घरं उभी राहिली आहेत. आईही गेली. शेवटच्या आजारात तिलाही ढास लागायची. पण ती तोंडावर पदराचा बोळा दाबून धरायची, चेहरा काळानिळा होईपर्यंत. त्या दुपारनंतर कुणाच्या देखत ती कधी मोकळेपणी खोकलीच नव्हती, हे मला फार उशिरा उमगलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हटलं, “आई, खोक न. घरात कोनी नाई.”

तिने मान हलवली. जरा श्वास लागू दिला, आणि अंथरुणाच्या पायथ्याकडच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत म्हणाली, “थांब बाई... आधी तिचा खोकला आयकू येऊ दे.”