टाफ नदीवर टाकलेला रुमाल

समस्त मराठी जनतेस अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, सलग चार हंगाम कार्डिफच्या टाफ नदीत कमरेपर्यंत उभं राहूनही, परवाच्या बँक हॉलिडेपर्यंत, म्हणजे इथल्या सोमवारच्या सार्वजनिक सुट्टीपर्यंत, मी एकही ट्राउट पकडला नव्हता. झाडाच्या फांद्या पकडल्या. स्वतःची टोपी दोनदा पकडली. एकदा कुत्रं फिरवायला आलेल्या बाईंचा स्कार्फ पकडला, तो मात्र झकास आला. मासा नाही.

फ्लाय फिशिंग म्हणजे पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा पाण्यावर इतक्या अलगद टाकायचा, की माशाला तो खरा वाटावा. ट्राउट फार चिकित्सक. लक्ष्मी रोडवरच्या गिऱ्हाइकासारखा वर येतो, निरखून बघतो आणि काही न घेता निघून जातो.

बायकोने शेवटी फर्मान काढलं. "सोमवारी मासा, नाहीतर मंगळवारी तुझी ती पाण्यात उतरायची रबरी विजार, गळाच्या काठ्या, सगळं चॅरिटी शॉपला दान. आणि मी स्वतः येणार बघायला. तुझ्या तोंडी अहवालांवर माझा विश्वास नाही."

बँक हॉलिडे, त्यात ऊन. कार्डिफमध्ये या दोन गोष्टी एका दिवशी आल्या की लोक घरात राहत नाहीत. सकाळी सातला कार पार्कमध्ये जागा नव्हती आणि काठावर दर वीस पावलांवर एक माणूस काठी घेऊन उभा. माझा डोळा होता बंधाऱ्याखालच्या डोहावर. तिथे एक सपाट खडक आहे आणि मासे असतात ते तिथेच.

"तू चढव तुझी विजार," बायको म्हणाली, "मी पुढे जाऊन जागा धरते."

जागा कशी धरणार, हे मी विचारायला हवं होतं. ती विजार छातीपर्यंत असते आणि चढवायला मला दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात ती परतसुद्धा आली. "झालं काम. मी पुलावरच्या गाडीवरून कॉफी आणते."

मी डोहापाशी पोचलो, तर खडकावर तिचा पांढरा, भरतकाम केलेला रुमाल. चार कोपऱ्यांवर चार गोल गोटे आणि मधोमध वाऱ्याने उडू नये म्हणून एक केळं. सांगलीच्या स्टँडवर एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या घराण्यातली ती लेक. तीस वर्षं वेल्समध्ये राहून तिच्या हाताचं वळण बदललेलं नाही.

पण रुमालापासून दहा पावलांवर पाच वेल्श माणसं टोप्या काढून उभी होती.

इथे एक सांगायला हवं. याच नदीवर आपल्या लोकांना अस्थी सोडण्यासाठी खास धक्का बांधलेला आहे आणि हे काठावर फिरणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असतं. त्यांनी रुमाल पाहिला, गोटे पाहिले, केळं पाहिलं. मग मला पाहिलं.

त्यातले सर्वांत वयस्कर गृहस्थ पुढे आले. पांढरे कल्ले, जाकिटावर पन्नासेक किडे टोचलेले. हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या घरातलं कुणी?"

रुमाल घरातलाच होता. मी मान हलवली.

"वडील?"

आता माझ्यापुढे दोन रस्ते होते. खरं सांगावं, की माझे वडील कोथरूडला ठणठणीत आहेत आणि हा रुमाल म्हणजे निव्वळ आगाऊपणा आहे. की लगेच डोह गेला, मासा गेला, विजार चॅरिटी शॉपला. दुसरा रस्ता म्हणजे मान खाली घालणं. मी मान खाली घातली. बोललो काहीच नाही. न बोललेलं खोटं मोजत नाहीत, अशी तेव्हा माझी प्रामाणिक समजूत होती.

"त्यांची आवडती जागा असणार," म्हातारबाबा म्हणाले. "टाक, बाळा. त्यांच्यासाठी गळ टाक." आणि मागे वळून इतरांना दटावलं, "दोऱ्या आत घ्या रे!"

सगळ्यांनी दोऱ्या आत घेतल्या. पलीकडच्या काठावरच्यांनीसुद्धा. एका बाईंनी भुंकणाऱ्या कुत्र्याचं तोंड धरलं. बँक हॉलिडेच्या सकाळी अख्खी टाफ माझ्यासाठी गप्प झाली. आयुष्यात मला इतका आदर कधी मिळाला नव्हता, आणि खरं सांगतो, मला तो आवडला.

पहिला किडा झाडात गेला. कुणी हसलं नाही. उलट एकाने पाण्यात उतरून तो सोडवून दिला. दुसरा माझ्याच टोपीत. "भावना अनावर होतात," म्हातारबाबा शेजारच्याला कुजबुजले. तिसरा मात्र असा पडला, जसा चार हंगामांत एकदाही पडला नव्हता. पाणी फुगलं, काठी वाकली आणि माझ्या तोंडातून "आई गं!" निघालं. लोकांना ती प्रार्थना वाटली असावी.

पुढची दोन मिनिटं मला आठवत नाहीत. भानावर आलो तेव्हा म्हातारबाबांच्या जाळीत वीतभर ट्राउट होता. सोनेरी पोट, लाल ठिपके, चेहऱ्यावर कमालीची नाराजी. टाळ्या झाल्या. माझ्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं आणि ते सगळ्यांनी चुकीच्या खात्यावर मांडलं.

"साक्षीदार!" मी मनात ओरडलो. "बायको कुठाय?"

ती गर्दीतून वाट काढत येतच होती, दोन हातांत दोन कॉफ्या. मासा पाहून जागीच थांबली. तिच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी जे कौतुक उमटलं, ते मी लग्नाच्या अल्बमातसुद्धा पाहिलेलं नाही. जिंकलो होतो मी. विजार वाचली होती. आता फक्त इथल्या रिवाजाप्रमाणे मासा परत पाण्यात सोडायचा आणि इथून सटकायचं.

एवढ्यात म्हातारबाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुमच्या सासऱ्यांना आज किती अभिमान वाटला असता!"

आणि माझी बायको, पलीकडच्या काठापर्यंत पोचेल अशा खणखणीत इंग्रजीत, म्हणाली, "अभिमान? त्यांना? अहो, ते कट्टर शाकाहारी आहेत! आत्ताच पुलावर फोन आला होता त्यांचा, विचारत होते, ‘अजून त्या बिचाऱ्या माशांना छळतोय का तो?’"